गंगावेशीचा दूध कट्टा : दूध चांगलं, वाद त्याहून चांगला

कोल्हापुरात पाहुणे आले की आपण त्यांना अंबाबाई, रंकाळा, मिसळ आणि तांबडा-पांढरा एवढं करून गाडीत बसवतो. गंगावेशीचा दूध कट्टा राहूनच जातो. दाखवलाच तर "हे बघा, इथं डोळ्यांदेखत म्हैस पिळून देतात" म्हणून फोटो काढायचा आणि पुढं निघायचं. दूध चांगलं आहेच, पण मी तिथं जातो ते वादासाठी. एखादं नवं तंत्र, विज्ञानाची बातमी, आपल्या संस्कृतीवरून पेटलेलं भांडण, यातलं काहीही घेऊन अनोळखी माणसाशी उभ्या उभ्या बोलायला कोल्हापुरात याच्याइतकी चांगली जागा मला माहीत नाही. म्हणून इथं दोन्हींबद्दल लिहितो.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये काम करतो. भट्टीतलं लोखंड साच्यात ओतायच्या आधी त्याचं तापमान आणि कार्बन-सिलिकॉनचं प्रमाण बघायचं आणि "ओता" किंवा "थांबा" म्हणायचं, हे माझं काम. दिवसभर आकड्यांत गेल्यामुळं कुणी काही ठासून सांगितलं की "कशावरून?" हे आपसूक तोंडात येतं. फोनवर मी अनोळखी लोकांशी पुष्कळ भांडलोय आणि अजूनही भांडतो. पण तिथं समोरचा कोण, काय करतो, ज्या वस्तूबद्दल बोलतोय ती त्यानं कधी हातात तरी घेतलीय का, यातलं काही कळत नाही. कट्ट्यावर ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं. माझ्या मते सगळा फरक त्यानं पडतो.

आधी दुधाचं बोलू. अंधार पडला की म्हशी येऊन उभ्या राहतात. त्यांत पंढरपुरी जात ओळखायला सोपी. तोंड लांबट, अंग सडपातळ आणि शिंगं पार खांद्यामागं गेलेली. ही म्हैस परक्या जागी, गर्दीत, गाड्यांच्या हॉर्नमध्येसुद्धा पान्हा सोडते. हा कट्टा चालतो तो तिच्या या स्वभावावर. दुसरी एखादी बुजरी जात इथं उभी केली तर थेंब मिळायचा नाही.

मी ज्या मामांकडून दूध घेतो ते आधी कास धुतात, ओल्या फडक्यानं सड पुसतात आणि प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-चार धारा खाली सोडून देतात. मग स्टीलचं भांडं गुडघ्यांत धरून बसतात. धार पहिल्यांदा तळाला खणखणीत वाजते, भांडं भरत जाईल तसा आवाज दबतो आणि वर बोटभर फेस चढतो. पहिल्या धारा सोडण्याला कारण आहे. सडाच्या तोंडाशी, नळीत जे जंतू साठलेले असतात त्यातले बरेचसे त्या धारांबरोबर निघून जातात. तुम्ही पहिल्यांदा जात असाल तर एवढंच बघा. जो म्हैसवाला पहिली धार थेट ग्लासात घेतो त्याच्याकडून घेऊ नका, दोन पावलं पुढं चला. दर ग्लास हातात घ्यायच्या आधी विचारून घ्या. चवीबद्दल सांगायचं तर पिशवीतल्या दुधाची सवय असलेल्याला हे दूध जड वाटेल. साय नाही, साखर नाही, तरी जिभेवर गोडी रेंगाळते.

आणि तरीही मी ते तिथं पीत नाही. किटली घेऊन जातो, दूध घरी आणतो, उकळतो आणि मग पितो. वादाला तोंड फुटलं ते या किटलीवरून.

कट्ट्यावर किटली घेऊन येणारे पुष्कळ असतात, पण "इथं का पीत नाही" असं विचारल्यावर "निरसं दूध मी पीत नाही" असं उत्तर देणारा मी बहुधा पहिलाच. शेजारी एक दणकट गडी उभा होता. मान जाड, कान चुरगळलेले, म्हणजे लाल मातीतला. तो म्हणाला, "आमच्या आज्यापास्नं आमी हेच पितोय. काय झालं आमास्नी?" प्रश्न रास्त आहे. गंगावेश तालीम इथंच, मल्लांची पिढी या दुधावर पोसलेली, आणि त्याच्या दंडाकडं बघून कुणाला काय पटवणार?

पुढच्या वेळी मी लॅबमधला लहान थर्मामीटर घेऊन गेलो, पेनासारखा असतो तो. मामांनी नुकतंच काढलेलं दूध भांड्यात होतं, त्यात सळई बुडवली. सगळे वाकून बघत होते. आकडा चढत चढत ३७ च्या आसपास थांबला. पैलवान म्हणाला, "ओ साहेब, दूध काय लोखंड हाय व्हय तापमान बघायला?" मी म्हटलं, लोखंड आम्ही १४०० अंशांच्या आसपास ओततो, त्यात कुठला जंतू जगणार? पण हा ३७ चा आकडा जंतूंच्या सोयीचा आहे. दूध निर्धोक करायचं तर ६३ अंशांवर ३० मिनिटं ठेवावं लागतं, नाहीतर ७२ अंशांवर १५ सेकंद. डेअरीत हेच करतात, त्याला पाश्चरायझेशन म्हणतात. पाश्चरनं हे १८६० च्या दशकात वाइन खराब होऊ नये म्हणून शोधलं, दुधाला लावलं गेलं ते नंतर.

"तापवलं की दुधातली ताकद जाती," मागून एकजण म्हणाला. हे वाक्य फोनवरही मी हजारदा वाचलंय. फोनवर त्याला उत्तर दिलं की समोरून कुठल्या तरी व्हिडिओची लिंक येते आणि विषय संपतो. इथं तो माणूस समोर होता, त्याला विचारता आलं: ताकद म्हणजे नेमकं काय? प्रथिनं? कॅल्शियम? ती तर जवळजवळ तशीच राहतात. काही जीवनसत्त्वं कमी होतात, हे खरं आहे आणि ते मी तिथंच मान्य केलं. त्यावर तो थोडा विचार करून म्हणाला, "मग चव?" चव बदलते, यात वादच नाही. बोलणं ताकदीवरून चवीवर आलं आणि चवीसाठी किती जोखीम घ्यायची हा ज्याचा त्याचा प्रश्न उरला. वाद पुढं सरकला म्हणतात तो असा.

मग एक निवृत्त पशुवैद्य बोलले. ते तोवर गप्प उभे होते, हातात पिशवी, बहुधा औषधं घेऊन घरी निघालेले. त्यांनी ब्रुसेलोसिसबद्दल सांगितलं. जनावरांत हा रोग गर्भपात करतो. माणसात तो निरशा दुधातून आला तर ताप येत-जात राहतो, सांधे धरतात, घाम फुटतो, आणि कित्येकदा महिनोन् महिने निदान होत नाही, कारण कुणी विचारतच नाही की तुम्ही कच्चं दूध पिता का. मादी रेडकांना चार ते आठ महिन्यांच्या वयात याची लस देतात. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबर ही लसही आहे. डॉक्टरांनी मामांना सरळ विचारलं, "तुमच्या रेडकांना टोचलंय?" मामा म्हणाले, "थोरलीला टोचलंय, बारकीला राहिलंय." "राहिलंय म्हंजे? वय काय तिचं?" "सात म्हैनं." "म्हंजे एक म्हैना उरलाय तुमच्याकडं." मामांनी मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात टोचून घेतलं. मी मुद्दाम विचारलं होतं. अनोळखी माणसांच्या बोलण्यातून एका रेडकाला लस मिळाली, हे फोनवरच्या कुठल्या भांडणातून झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

पैलवान आजही तिथंच पितो. त्याला पटलेलं नाही. पण एका स्पर्धा परीक्षेवाल्या पोरानं अमेरिकेची बातमी वाचून दाखवली होती, ती त्यानं कान देऊन ऐकली. मार्च २०२४ मध्ये तिथल्या दुभत्या गायींत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला आणि निरसं दूध प्यायलेली गोठ्यांतली मांजरं मेली. पाश्चरायझेशन केलेल्या दुधात तो विषाणू जिवंत राहत नाही, हेही तिथं तपासून झालं. पैलवान म्हणाला, "मांजरं मेली?" आणि बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "बारक्या पोराला मी तापवूनच देतो." मला त्या दिवशी एवढं पुरे होतं. तुम्ही जाणार असाल तर माझंही सांगणं हेच: लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं यांना तिथं ग्लास देऊ नका. किटली न्या.

आता चप्पल. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि नुसतं 'लेदर सँडल' म्हटलं, तेव्हा अख्ख्या देशाचे फोन तापले होते. मीही चार दिवस त्यातच होतो. कट्ट्यावर त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता, पण तिथं चप्पल शिवणारे एक अण्णा येतात. त्यांनी पायातली चप्पल काढली आणि दुधाच्या कॅनच्या झाकणावर उलटी ठेवली.

"हे बगा. खिळा हाय का कुटं?" खिळा नव्हता. सगळी शिवण चामड्याच्या वादीची. त्यांनी चपलेचा अंगठा दाखवला, कान दाखवला, पट्ट्यावरची वेणी दाखवली, तळ वाकवून दाखवला. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं कातडं पाण्यात भिजलं तर कसं वागतं, तेल कधी द्यायचं, हे सांगितलं. मग फोनवरचा मिलानचा फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला, बराच वेळ. राग नव्हता त्यांच्या तोंडावर, ते काम तपासत होते. म्हणाले, "वेणी बरी हाय. पर तळ पातळ वाटतोय." देशभर लोक चोरी, अपमान, वसाहतवाद यावर बोलत असताना ज्याची कला चोरली म्हणत होते तो माणूस तळाची जाडी बघत होता. त्यानंतर माझं या विषयावरचं बोलणं बदललं, आता मी आधी तळ विचारतो.

मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सुरू झालं तेव्हापासून कट्ट्यावर काळ्या कोटाची माणसं जास्त दिसतात. त्यांतल्या एका तरुण वकिलानं जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं, नीट उलगडून सांगितलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असे चार-चार जिल्हे. हे ऐकून दोघांनी कपाळाला आठ्या घातल्या, "कर्नाटकाचा काय संबंध?" अण्णाच म्हणाले, "संबंध हाय की. तिकडं बी आमचेच पावणे शिवत्यात." वकिलाचा मुद्दा असा होता की मानांकन नावाला संरक्षण देतं, आकाराला तेवढं नाही. प्राडानं नावच वापरलं नव्हतं. शिवाय जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयात जी जनहित याचिका झाली ती फेटाळली गेली, कारण मानांकन ज्यांच्या नावावर आहे ती दोन राज्यांची चर्मोद्योग महामंडळं, आणि याचिका करणारे तिसरेच. "मंग महामंडळानं काय केलं?" हा अण्णांचा प्रश्न सगळ्यात धारदार होता.

त्याचं उत्तर डिसेंबरमध्ये आलं. प्राडानं दोन्ही महामंडळांशी करार केला, २,००० जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे आणि सुमारे ८०० युरोला विकायचे. कट्टा दोन गटांत फुटला. एक गट म्हणतो जिंकलो. दुसरा म्हणतो शिवणाऱ्याच्या हातात जोडामागं किती पडणार ते सांगा, मग बघू. मी दुसऱ्या गटात आहे. अण्णा कुठल्याच गटात नाहीत. त्यांचं म्हणणं, पोरगा हे काम शिकायला बसला तर करार चांगला, नाही बसला तर ८०० काय आणि ८,००० काय.

सगळ्यात रंगलेला वाद मात्र किरणोत्सवाचा, आणि तो जरा सविस्तर सांगतो, कारण असला वाद मी दुसरीकडं कुठं ऐकला नाही. अंबाबाईच्या देवळात वर्षातून दोनदा मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून आत येऊन थेट देवीपर्यंत पोचतात. नोव्हेंबरची ९, १० आणि ११ तारीख, आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुख, असं परंपरेनं सांगतात.

एका रात्री एका मुलानं फोनमधल्या एआयला विचारलं, हे कसं होतं? उत्तर झकास मराठीत आलं. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरला दिवस-रात्र समान असतात, तेव्हा सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो म्हणून किरणं आत येतात, वगैरे. मुलानं मोठ्यानं वाचलं. वाचायला कुठं अडखळायला होत नव्हतं, आणि सगळं चूक होतं. महिनेच चुकले होते. कोल्हापूरच्या कुठल्याही शेंबड्या पोराला नोव्हेंबर ठाऊक आहे. ते ध्यानात येऊन मुलगा गडबडला, पण तिथं भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, त्यांनी त्याला सोडलं नाही. "पुसू नकोस, ठेव ते उत्तर. कुठं चुकलं ते शोधूया."

त्यांनी मामांची वैरणीची काडी घेतली आणि जमिनीवर क्षितिजाची रेघ मारली. सूर्य २१-२२ डिसेंबरपर्यंत दक्षिणेकडं सरकत जातो, मग त्याच वाटेनं परत येतो. त्यामुळं डिसेंबरच्या त्या टोकापासून जितके दिवस अलीकडं, तितकेच दिवस पलीकडं मोजले तर सूर्य पुन्हा त्याच जागी मावळणार. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत ४१ दिवस. पुढं १ फेब्रुवारीपर्यंत ४२. दोन्ही उत्सवांच्या तारखा अशा जुळतात. त्या दिवसांत आपल्या अक्षांशावर सूर्य पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो. म्हणजे एआयनं धरलेली 'बरोबर पश्चिम' ही समजूतच इथं लागू नाही. मुलानं स्वतःच्या फोनमधलं होकायंत्र उघडून १८ अंश म्हणजे किती ते हात लांब करून बघितलं.

तेवढ्यात एक काका म्हणाले, बघा आपल्या पूर्वजांना सगळं विज्ञान येत होतं. दुसरा लगेच म्हणाला, योगायोग आहे, दार तिकडं होतं म्हणून ऊन आलं. नेहमीची दोन टोकं. फोनवर इथून पुढं नुसती चिखलफेक असते. मॅडम दोघांकडं वळून म्हणाल्या, दोघांनीही एक सांगा. ९ नोव्हेंबरला सूर्य जिथं मावळतो तिथंच तो २ फेब्रुवारीला मावळतो. मग नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी चरण असतील, तर फेब्रुवारीत शेवटच्या दिवशी चरण यायला हवेत, म्हणजे क्रम उलटा व्हायला हवा. दोन्ही वेळा चरणांपासूनच सुरुवात कशी?

कट्ट्यावर शांतता पसरली. मला हा प्रश्न कधी सुचला नव्हता, आणि जन्म कोल्हापुरात गेलाय. मग हळूहळू उत्तरं यायला लागली. एकजण म्हणाला, अहो, एकाच संध्याकाळीसुद्धा किरणं खालून वर चढतात, सूर्य उतरेल तशी ती आडवी होत आत जातात. आधी उंबरा, मग चरण, मग वर. तेव्हा मुखापर्यंत पोचतात की नाही हे त्या दिवशी शेवटच्या मिनिटापर्यंत सूर्य दिसतो की नाही यावर ठरतं. मी म्हटलं, सूर्याची थाळी अर्ध्या अंशाची आणि तो दिवसाला जेमतेम पाव अंशाहून थोडा जास्त सरकतो. म्हणजे तीन दिवसांत त्याच्या स्वतःच्या रुंदीएवढाच. एवढ्या फरकात तीन पायऱ्या पट्टीनं आखल्यासारख्या पडतील का? देवळाजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांनी आणखी मोलाचं सांगितलं. नोव्हेंबरमध्ये ढग आणि दमट हवा आडवी येते, जानेवारीअखेर धूळ आणि धुरकं. वाटेत नवी इमारत झाली की तिचा वरचा मजला आडवा येतो, आणि त्यावरून महानगरपालिकेपर्यंत तक्रारी गेल्यात. पूर्वजांचं नाव घेणारे काका आता नवीन बांधकामांवर बोलत होते आणि योगायोगवाले त्यांना दुजोरा देत होते. मॅडमचा प्रश्न अजून खुला आहे. येत्या उत्सवात दोघं-तिघं रोज घड्याळ लावून नोंद ठेवणार आहेत.

बाकीचं थोडक्यात. उसाला एआय लावून पाणी-खत वाचतं, हा बारामतीचा प्रयोग कट्ट्यावर अधूनमधून निघतो. करवीर तालुक्यातले शेतकरी त्यात रस घेतात, पण त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, सेन्सर बसवायचा खर्च किती एकरांवर वसूल होतो? दुधाच्या पिशवीवरच्या 'ए२' (दुधातल्या एका प्रथिनाचा प्रकार) या शब्दावरूनही एकदा जोरात झालं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं तो शब्द काढायला सांगितला आणि काही दिवसांतच आदेश मागं घेतला. मामांना कुणी तरी सांगितलं की म्हशीचं दूध ए२ च असतं. ते खरं आहे. मामा म्हणाले, "मंग मी बी पाटी लावू काय?" पाटी लावलेली नाही.

आता कट्टा जिथं कमी पडतो ते. नांदणीच्या मठातल्या महादेवी हत्तिणीचा विषय जुलै २०२५ मध्ये निघाला, तेव्हा इथला वाद वाद राहिला नाही. उच्च न्यायालयानं तिला जामनगरच्या वनतारा या प्राणी केंद्रात पाठवायला सांगितलं, २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं, आणि आख्खा जिल्हा पेटला. लोकांचं दुःख खरं होतं, माझंही होतं. पण तिच्या पायांच्या आणि प्रकृतीच्या अहवालात काय लिहिलंय ते आधी वाचूया, एवढं म्हणणाऱ्या मुलाला चौघांनी मिळून गप्प बसवलं. ज्या कट्ट्यावर ३७ अंश बघायला सगळे वाकले होते, तिथं त्या रात्री कुणी आकडा ऐकून घेईना. मला ते फार लागलं. हत्तीला हात लावलेला, तिला रोज चारा घातलेला माणूस तिथं असता तर चित्र वेगळं असतं असं मला वाटतं. माहुत नव्हता, डॉक्टर नव्हता, सगळे लांबून बोलणारे होतो. ज्या विषयात वस्तूला हात लावलेला माणूस नसतो, तिथं हा कट्टा फोनपेक्षा फारसा वेगळा राहत नाही. हे ध्यानात ठेवून जा.

दुसरी उणीव बायकांची. मॅडम सोडल्या तर वादात बाई क्वचित दिसते. बायका येतात, किटली भरून घेतात, पैसे देतात आणि निघतात. कुणी त्यांना हाकलत नाही, पण उभं राहायला जागाही करून देत नाही. पुरुष गाड्यांना टेकून कोंडाळं करतात आणि त्यात शिरायचं म्हणजे कुणाला तरी सरकायला लावावं लागतं. घरात दूध कोण तापवतं, कुणाचं उतू जातं, कुणाचं फाटतं, किती वेळात विरजण लागतं, हे ज्यांना रोज ठाऊक त्या बाजूनं निघून जातात आणि दुधावर आम्ही बोलतो. माझी थोरली बहीण एकदा आली होती. तिनं पशुवैद्यांना विचारलं, "दूध एक उकळी आली की गॅस बंद केला तर चालतं, की उकळत ठेवायचं?" इतका साधा आणि कामाचा प्रश्न आमच्यापैकी कुणी विचारला नव्हता. डॉक्टर म्हणाले, नीट ढवळून सगळ्या दुधाला एक चांगली उकळी आली की पुरे, कारण १०० अंशांच्या जवळ गेलेलं दूध ७२ च्या कितीतरी पुढं गेलेलं असतं. नंतर मात्र झाकून लवकर गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा, कोमट दूध रात्रभर ओट्यावर ठेवलं तर सगळं केलेलं वाया. माझ्याकडून सगळ्या म्हैसवाल्यांना आणि उभ्या राहणाऱ्यांना विनंती आहे, एक बाजू बायकांसाठी मोकळी ठेवा. बाकडं टाकता आलं तर टाका.

जायचं असेल तर पावसाळ्यातले जोराचे दिवस टाळा, पंचगंगेचं पाणी चढलं की त्या बाजूला कुणाचंच मन वादात नसतं. चारचाकी नेऊ नका, लावायला जागा नाही आणि म्हशी बुजल्या की मामा बोलतात. सुट्टे पैसे ठेवा. जाताना एखादी बातमी पूर्ण वाचून जा, नुसता मथळा नको, कारण कुणी तरी "पुढं काय लिहिलंय?" असं विचारणारच. आणि समोरच्याला नाव विचारायच्या आधी काम विचारा. मी "काय करता आपण?" असं विचारतो. उत्तर आलं की त्या माणसाला ज्यातलं कळतं तो विषय काढतो, आणि किटली भरेपर्यंत ऐकतो.